एका पार्टचं एकच घर

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. लहानपणी आत्याला पत्र लिहिताना तू माझ्याकडून 'साष्टांग नमस्कार' लिहून घ्यायचीस. या खेपेला कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकार. इकडे आम्ही दोघं मजेत. तूही बरी आहेस असं आई सांगते. तुझ्याबद्दल मला हल्ली आई सांगते तेवढंच कळतं.

फोन असताना याने कागद का खराब केला, असं तुला वाटेल. पण आई तुझ्याशी बोलून झाल्यावर फोन माझ्या हातात देते आणि नेमकं तेव्हाच तुझ्याकडे दूध उतू जातं. दोन वर्षांत इतकं दूध उतू गेलंय की मला तुझ्या शेगडीची काळजी वाटायला लागली आहे. शिवाय ऑफिसात तूच म्हणायचीस, "तोंडी सांगितलेलं मी धरत नाही, लेखी दे." तर हे घे लेखी.

आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, महिनाअखेरीला. मोतीबिंदू पिकलाय. काल तपासणीला नेलं तर नर्सबाईंनी डाव्या भुवईवर शाईने फुली मारली. आई त्यांना म्हणते, "अहो, डावा म्हणजे माझा डावा ना? तुमच्या समोरून बघताना डावा नव्हे ना?" खोलीतले सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही, का कोण जाणे.

आता कामाचं. साहेबांनी मला पार्ट लायब्ररीचे नियम लिहायला सांगितलेत. तू गेल्यापासून लायब्ररीची पार भाजीमंडई झाली आहे. आम्ही सहा डिझायनर आणि सहा जणांच्या सहा तऱ्हा. एकच रेझिस्टर अकरा नावांनी सापडला. 'नवीन', 'नवीन दोन', 'हाच वापरा', 'खरा हाच वापरा'. तू बघितलं असतंस तर एकेकाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं असतंस. नियम महिनाअखेरीपर्यंत साहेबांना द्यायचे आहेत आणि महिनाभरात ते मला लायब्ररीप्रमुख करणार आहेत. म्हणजे तुझी जागा. तुझ्या खुर्चीवर मी बसायलाही लागलोय. ती अजून उजवीकडे वळताना कुरकुरते.

आईला हे सांगितलं तर तिने विचारलं, "लायब्ररी म्हणजे पुस्तकांची?" मी म्हटलं, नाही गं. सर्किट बोर्डावर जे बारीकसारीक पार्ट बसतात, त्या प्रत्येकाचं कॉम्प्युटरमध्ये एक चित्र असतं आणि त्याचे पाय बोर्डावर नेमके कुठे टेकणार त्याचा मापाचा नकाशा असतो. पार्ट बनवणारी कंपनी त्याचं माहितीपत्रक देते, डेटाशीट म्हणतात, ते बघून एकदा कुणीतरी तो नीट काढून ठेवायचा आणि मग सगळ्यांनी तोच घ्यायचा. चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई ती. लगेच म्हणाली, "म्हणजे बेतायचा कागद!" मशीनमागे खिळ्याला टांगलेले तिचे ते पिवळे कागद आठवतात ना? बाही, कॉलर, पाठ. म्हणाली, "कागद पालथा पडला की डाव्याचं उजवं होतं. तुमच्या त्या सहाशेंचं तसंच झालं ना?"

हा विषय मी काढणार नव्हतो. आईने काढला म्हणून लिहितो. मी म्हटलं, हो, तसंच. दवाखान्यात थेंबाथेंबाने औषध सोडणाऱ्या पंपाचे सहाशे बोर्ड. एका तीन पायांच्या पार्टचा नकाशा आरशातल्यासारखा उलटा निघाला, पहिल्याच चाचणीत बोर्ड तापले, धूर आला, सगळे भंगारात गेले. लायब्ररी ताईची होती, ताईने राजीनामा दिला. हे सगळं आईला आधीही माहीत होतं, पण 'पालथा कागद' म्हटल्यावर ते तिला बहुतेक पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसलं. म्हणाली, "ताईने पालथा ठेवला? ती तर बटणंसुद्धा दोनदा मोजायची." मी म्हटलं, होतं माणसाकडून. आणि औषधाची वेळ झाली म्हणून उठलो. औषधाची वेळ झाली नव्हती.

तर मुद्दा हा की तुझी ती निळी वही मला हवी आहे. नियमांची. तुझ्याकडे असेलच, तू पेन्सिलीचा तुकडादेखील फेकत नाहीस. ती मिळाली तर माझं निम्मं काम होईल.

आणि एक. त्या दिवशी मीटिंगमध्ये मी तुझीच बाजू घेतली होती, हे तू विसरली नसशील. आपल्यात बिनसण्यासारखं तसं काही घडलं नाही. मग हे काय झालं आहे, ते मला खरंच कळत नाही. कळलं तर लिही. नाहीतर नुसती वही पाठव.

तुझा,
धांदरट

---

२४ मार्च

प्रिय ताई,

वही पोचली. पाकिटात पत्र नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलं, वहीची पानं फडफडवून पाहिली, पुठ्ठ्याच्या आत बोट घातलं. 'सोबत वही पाठवत आहे' एवढंसुद्धा नाही. ठीक आहे. मीच म्हटलं होतं नुसती वही पाठव. तुझ्याशी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात, तू ते जसेच्या तसे पाळतेस.

वही वाचायला घेतली आणि हसून हसून पुरेवाट झाली. "पार्टच्या नावावरून पार्ट कळला पाहिजे. 'फायनल' हे नाव नव्हे, ही थाप आहे." "एक नंबरचा पाय कुठला, ते पार्ट बसवल्यावरही दिसलं पाहिजे. पार्टखाली झाकली जाणारी खूण म्हणजे टोपीखाली कुंकू." "काढणारा आणि तपासणारा एकच माणूस नको. एकमेकांचे वैरी असले तर उत्तम." ही सगळी वाक्यं मी जशीच्या तशी नियमांत घालणार आहे, साहेब काय म्हणायचं ते म्हणोत.

"एका पार्टचं एकच घर. दुसरं घर दिसलं की विचारा, कोणाचं?" हे वाक्य तू दोनदा अधोरेखित केलं आहेस. तेही घेतलंय.

मग ते पान आलं.

तू प्रत्येक पार्टचा नकाशा खऱ्या मापात कागदावर छापायचीस आणि खरा पार्ट त्यावर ठेवून चिकटपट्टीने डकवायचीस, हे मला माहीत होतं. आम्ही हसायचो तुला, 'ताईंचा फुलपाखरांचा संग्रह' म्हणून. त्या तीन पायांच्या पार्टचंही पान आहे. पार्ट अजून चिकटलेला आहे, पट्टी पिवळी पडली आहे. तिन्ही पाय आपापल्या खुणांवर आणि आकडे अगदी बरोबर. शेजारी लाल शाईत लिहिलंय, "डेटाशीटमधलं चित्र पार्ट उताणा ठेवून खालून पाहिलेलं आहे!! बोर्डासाठी आरसा करून घेतला." खाली तपासणीत बसणाऱ्या भिंगबाईंची सही. आणि तारीख सहाशे बोर्डांच्या आठ महिने आधीची.

मी तारीख पुन्हा वाचली. मग बोटांवर महिने मोजले, पहिलीतल्या पोरासारखे. आठच येतात.

म्हणजे तुझा पार्ट बरोबर होता. सुरुवातीपासून.

मग मी धूर झाला त्या दिवसाचं पान काढलं. तिथे तुझ्या नेहमीच्या सरळ अक्षरात आहे, "सकाळी पार्ट उघडला. बरोबर आहे. चित्र खालून पाहिल्याची सूचना इतरांसाठी आत लिहून सेव्ह केला. तारीख आजची पडेल. पडू दे." आणि दुपारी मीटिंगमध्ये साहेब तुला म्हणाले होते, "ताई, आज सकाळीच तुम्ही हा पार्ट उघडून सेव्ह केलाय. आता तो बरोबर दिसणारच." तू म्हणालीस, "तो पहिल्यापासून बरोबर होता." कुणाचाच विश्वास बसला नाही. चूक केली ती केली, वर गुपचूप दुरुस्त करून साळसूदपणा करते, असंच सगळ्यांना वाटलं. चूक एकवेळ विसरले असते, तुला नडलं ते हे.

आता माझा गोंधळ बघ. लायब्ररीतला पार्ट बरोबर. बोर्डावरचा उलटा. नाव दोन्हीकडे एकच. कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने काही उलटं करत नाही. मी दोन दिवस डोकं धरून बसलोय. आईला विचारलं (तिला हल्ली माझ्या कामात फार रस आलाय), तर ती म्हणाली, "कागद एक असला की घोळ होत नाही रे. घोळ व्हायचा तो एकाच बाहीचे दोन कागद झाले की. एक खिळ्याला आणि एक कुणीतरी स्वतःच्या सोयीने काढून घेतलेला. मशीनवर हाताला येईल तो घ्यायचा." मी म्हटलं, आमच्याकडे तसं नसतं.

आमच्याकडे एक नवीन मुलगी आली आहे डिझायनर म्हणून. हुशार आहे, तुला आवडली असती. प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत जात नाही. पंपाचं नवीन मॉडेल येतंय, त्याचा बोर्ड ती करते आहे. वीजपुरवठ्याचा भाग तिने त्या सहाशे बोर्डांच्या मूळ फाइलीतून उचलून तसाच नव्यात डकवला, सगळेच करतात. काल माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, या तीन पायांच्या पार्टचा पत्ता लायब्ररीचा दाखवत नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी फोल्डरमधून आलाय असं दिसतं." मी म्हटलं, "जुनं काहीतरी असेल, सोड." ती म्हणाली, "पण सर, पाय उलटे आहेत." मी म्हटलं, "बघतो मी."

अजून बघितलेलं नाही. ऑपरेशनची धावपळ चालू आहे.

एक विचारायचं होतं. ही वही त्या दिवशी तुझ्याच ड्रॉवरमध्ये होती. मीटिंगच्या खोलीपासून पंधरा पावलांवर. ते पान उघडून साहेबांपुढे ठेवलं असतंस तर प्रश्नच मिटला असता. का नाही आणलीस? मला हे अजिबात समजत नाही. तुला त्या दिवसांतलं आणखी काही आठवत असेल तर लिही.

तुझा,
धांदरट

---

५ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. "मला काही आठवायची गरज नाही. तू आठव." दोन वर्षांनी दोन वाक्यं. मी ती खिशात घालून फिरतोय. दाढी करताना आठवतात, जिना चढताना आठवतात.

आईचं ऑपरेशन छान झालं, ती काळजी आधी मिटवतो. पट्टी निघाली तेव्हा तिने पहिल्यांदा मला बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, किती पिकलास!" मग घरभर फिरून कुठे कुठे धूळ आहे ते दाखवून दिलं. दुसऱ्या दिवशी वाचून बघायचं म्हणून टेबलावरची तुझी वही उचलली. अक्षर ठळक, म्हणून तीच. एक एक शब्द मोठ्याने वाचत होती. "एका... पार्टचं... एकच घर. दुसरं घर दिसलं की विचारा, कोणाचं?" वही खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. नव्या डोळ्याने. आणि विचारलं, "कोणाचं होतं रे दुसरं?"

माझं, ताई. दुसरं घर माझं होतं.

आता जसं आठवतं तसं लिहितो. क्रम मागेपुढे होईल. माझ्या डोक्यात तो आत्ताही नीट लागलेला नाही.

तुझ्याकडे पार्टमध्ये बदल मागायचा तर फॉर्म भरायचा, मग तू बघणार, मग दुसरा तपासणार. दोन दिवस. मला तेवढा धीर कधी होता? मी माझ्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर केला होता, नाव 'माझं'. लागतील ते पार्ट लायब्ररीतून तिथे उचलून ठेवायचे आणि हवे तसे ठोकून घ्यायचे. तू एकदा तो बघितला होतास आणि मला पाच मिनिटं झापलं होतंस. मी 'काढून टाकतो' म्हणालो. काढला नाही.

पंपाचा बोर्ड करताना मी त्या पार्टची डेटाशीट उघडली. चित्र पाहिलं, तुझा नकाशा पाहिला. एक नंबरचा पाय चित्रात एकीकडे, तुझ्याकडे दुसरीकडे. मी परत परत पाहिलं. ताईने पार्ट उलटा काढलाय! चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'खालून पाहताना'. ते मी वाचलं नाही. दिसलं नाही की वाचायचं नव्हतं, हे मला आज सांगता येणार नाही. खरं सांगू? मला आनंद झाला. लहानपणापासून तुझं अक्षर चांगलं, तुझे हिशेब बरोबर, तुझ्या वह्यांना कव्हर. एकदा तरी तू चुकलीस आणि ती चूक मला सापडली. मी माझ्या फोल्डरमधल्या पार्टचे पाय फिरवले, तुझ्या दृष्टीने उलटे, माझ्या दृष्टीने सुलटे. नाव तेच ठेवलं. कॉम्प्युटरने पार्ट कुठे कुठे शोधायचा त्या माझ्या यादीत 'माझं' वर होतं आणि लायब्ररी खाली. कॉम्प्युटरने वरचा उचलला. त्या बोर्डावर गेला तो माझा पार्ट.

तुला का सांगितलं नाही? मी स्वतःला सांगत आलो की ताईला चारचौघांत खाली बघावं लागू नये म्हणून. पण एक दुसरंही कारण असू शकतं. तुझी एक चूक आपल्या खिशात असावी, कधीतरी कामाला येईल. दोन्हींपैकी खरं कुठलं, मला माहीत नाही. मी खूप खणून पाहिलं. खाली दोन्ही सापडतात.

मग धूर झाला. त्या सकाळी सगळे म्हणायला लागले की पार्ट उलटा आहे. मला वाटलं, बघा, मला माहीतच होतं, ताईने उलटा काढलाय! मी तर सुलटा केला होता, मग बोर्डावर उलटा कसा? माझं डोकं तिथेच गरगरायला लागलं. आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेले असताना, मी 'माझं' फोल्डर डिलीट केला. का केला? दोन वर्षं मी म्हणत होतो की साफसफाई म्हणून. ताई, जेवायच्या सुट्टीत कुणी साफसफाई करतं का? म्हणजे मला कळलं होतं. पण कळलं असतं तर दुपारी मीटिंगमध्ये मी ते बोललोच नसतो असंही वाटतं. कळलंही होतं आणि कळलं नव्हतंही, असं होऊ शकतं का? तू हुशार आहेस, तू सांग.

मीटिंगमध्ये मी काय बोललो ते आज पहिल्यांदा लिहितो. 'तुझी बाजू घेतली' असं मी मागे लिहिलंय. मी म्हणालो होतो, "ताई हल्ली फार दमते हो, साहेब. माणूस आहे, होते चूक."

इतकंच. गोड आवाजात म्हणालो. तोपर्यंत साहेबांच्या मनात थोडी तरी शंका होती, मी बोलल्यावर ती गेली. सख्खा भाऊच म्हणतोय म्हटल्यावर काय राहिलं? तू माझ्याकडे पाहिलंस. उठलीस. पंधरा पावलांवर ड्रॉवर होता, तू ड्रॉवरकडे गेलीसच नाहीस, सरळ जिन्याकडे गेलीस.

आईला हे सगळं सांगितलं. तिने मला फटका मारला नाही याचंच आश्चर्य वाटलं. ती एवढंच म्हणाली, "ती गाव सोडून जाताना मला म्हणाली होती, आई, धांदरटाला काही विचारू नकोस. मला बाई वाटलं, तुझ्या लग्नाबद्दल म्हणते आहे."

म्हणून या दोन वर्षांत आईने मला कधी काही विचारलं नाही. तू तेवढीही व्यवस्था करून गेलीस. पण मला अजून समजत नाही, तू मला वाचवलंस, की माझं ते वाक्य ऐकल्यावर तुझी बोलायचीच इच्छा मेली? यातलं पहिलं असेल तर मला तुला तोंड दाखवायची लाज वाटते. दुसरं असेल तर जास्त वाटते.

आता शुक्रवारचं ऐक. नवीन पंपाचा बोर्ड शुक्रवारी कारखान्याकडे जायचा होता. त्या मुलीने जुन्यावरून उचललेल्या भागात माझा उलटा पार्ट जसाच्या तसा बसला होता. फोल्डर डिलीट झाला तरी बोर्डाच्या पोटात तो राहतोच, हे मला कळायला हवं होतं. सकाळी ती चहाला गेली असताना मी तिच्या खुर्चीवर बसलो. जुना काढायचा, लायब्ररीतला ठेवायचा, दोन क्लिकचं काम. बोर्ड बरोबर झाला असता, कुणाला काही कळलं नसतं आणि मी लायब्ररीप्रमुख झालो असतो. हात माऊसवर होता. मग लक्षात आलं की गेल्या वेळेस मी हेच केलं होतं. पार्ट गुपचूप 'दुरुस्त' केला होता.

मी हात काढून घेतला. ती आल्यावर तिला म्हटलं, "तू म्हणत होतीस ते बरोबर आहे. पाय उलटे आहेत. पत्ता बघ कोणाचा आहे आणि अकराच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाच." तिने वाचला. त्यात माझं नाव आहे, ताई. कॉम्प्युटरचं नाव, माझं नाव, फोल्डरचं नाव. ती वाचता वाचता थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. बिचारीला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं वाचलं. मी म्हटलं, "पुढचं मी सांगतो." आणि तुझी वही उघडून ते पान टेबलाच्या मधोमध ठेवलं.

मला वाटलं होतं, बोलून झाल्यावर मोकळं वाटेल. काही नाही. मी एकच वाक्य दोनदा बोललो. साहेब बराच वेळ पार्टकडे बघत होते, चिकटपट्टीखालच्या. मग म्हणाले, "दोन वर्षं?" मी म्हटलं, हो. भिंगबाई पलीकडून उठून आल्या, स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही माझी सही. मी तपासला होता. मला कुणी विचारलंच नाही." त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, पण मी तिथेच होतो. त्यांची मान ताठ होती आणि डोळ्यांत पाणी होतं.

लायब्ररीप्रमुख मी होणार नाही, हे सांगायला नको. कामावर ठेवतील की नाही ते सोमवारी कळेल. साहेब तुला स्वतः पत्र लिहिणार आहेत. काय लिहितील मला माहीत नाही. 'परत या' असं लिहिलं तर तू काय करावंस ते मी सांगणार नाही. तू आता शिकवतेस त्या शाळेतल्या मुली तुझ्याकडून सोल्डरिंग शिकतात आणि तुला घाबरतात, असं आई कौतुकाने सांगते. ते मोडून ये, असं म्हणायचा मला काय अधिकार?

नियम मात्र तुझ्या नावाने लागले. पहिलं पान तुझं, जसंच्या तसं, टोपीखालच्या कुंकवासकट. लायब्ररीत त्या पार्टच्या सूचनेखाली मी एक ओळ लिहिली आहे, "हा पार्ट पहिल्यापासून बरोबर होता. सहाशे बोर्डांवर गेलेला उलटा पार्ट माझ्या खाजगी फोल्डरमधला होता." खाली माझं पूर्ण नाव. तारीख आजची पडली. पडू दे.

वही परत पाठवतोय, आईच्या हातच्या कापडी पिशवीत घालून. नवा डोळा आल्यापासून ती पुन्हा मशीनवर बसते आहे. ते पान मी फाडलेलं नाही, पट्टी उचकटलेली नाही. पार्ट जिथे होता तिथेच आहे.

माझ्या मनात खूप गोंधळ आहे, ताई. कुठे मी मूर्ख होतो आणि कुठे लबाड, याची रेघ मला मारता येत नाही. या पत्रातही मी स्वतःला कुठेतरी सोयीस्कर फिरवून घेतलं असेल. घेतलंच असेल, सवय आहे. काढणाऱ्याने आपलं काम आपण तपासायचं नाही, हा तुझाच नियम. म्हणून मी हे पुन्हा वाचलेलं नाही, तसंच पाकिटात घालतो आहे. लाल पेन घे आणि जिथे उलटं असेल तिथे सांग.

काढणारा : धांदरट

तपासणारा :